जेट विमानाचं प्लास्टिक मॉडेल: डबा उघडण्यापासून गुण देईपर्यंत

दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातले पोट्टे मॉडेलं घेऊन माझ्याकडे येऊ लागतात. कोणी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलेलं असतं, कोणाला मामाने पुण्याहून किट पाठवलेलं असतं. येताना तक्रार बहुतेक एकच असते: "सर, हे बसूनच नाही राह्यलं." हातात घेऊन बघितलं की दोषही तेच ते दिसतात. विमान शेपटीवर बसून नाक आकाशाकडे करतं. एक पंख वर, एक खाली. पाठीवरून नाकापासून शेपटीपर्यंत सांध्याची रेघ. कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, धुरकट. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं, त्यांच्याखाली चंदेरी चकाकी. पोट्ट्यांचा हात चांगला असतो, मेहनतही भरपूर केलेली असते; कामाचा क्रम तेवढा चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. वाचतानाही क्रमानेच वाचा आणि टप्पा उडवू नका.

उदाहरण म्हणून १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-२१ धरलं आहे. माझ्याकडे तेच सगळ्यात जास्त येतं, आणि त्याचे फोटो मुबलक मिळतात. मिराज, सुखोई किंवा तेजस करणार असाल तरी टप्पे हेच.

१. ऋतू, जागा आणि सामान

आपल्याकडे मॉडेलचं काम ऋतू बघून करावं लागतं. किटसोबतचा कागद थंड आणि समशीतोष्ण देशांत छापलेला असतो. त्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ मे महिन्यात खरा ठरत नाही आणि ऑगस्टमध्येही नाही. जुळवणी आणि घासकाम वर्षभर चालेल. रंगकाम मात्र दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंत उरका.

तरी हिवाळ्याचीही एक अडचण आहे. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला असतो, आणि ज्या घरात कापूस आहे त्या घराच्या हवेत रुईचे तंतू असतात. ओल्या रंगावर बसलेला तंतू चिमट्याने काढायला गेलात की रंगासकट ओरखडा निघतो. कापसाच्या खोलीपासून लांबची खोली घ्या. ती नसेल तर न्हाणीघर चालतं: फरशीवर पाणी शिंपडा, धूळ खाली बसू द्या, अर्ध्या तासाने रंग लावायला बसा.

सामान थोडकंच लागतं. प्लास्टिक कापायचं बारीक निपर, पात्याचा कटर, चिमटा, ४०० ते २००० नंबरचे पाणी-पेपर, मास्किंग टेप, मॉडेलसाठीचा पातळ द्रव सिमेंट, पुट्टी आणि दोन चांगले ब्रश. पाणी-पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. निपर, सिमेंट आणि रंग बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात, तेव्हा ते किटसोबतच मागवा. सिमेंट आलं नाही म्हणून फेविक्विकवर सुरुवात करणारे फार. फेविक्विकचा सांधा ठिसूळ असतो, शिवाय चिकटल्यावर भाग सरकवायला सवडच मिळत नाही.

बसायला सतरंजी आणि समोर मोठी परात, परातीत पांढरं कापड. निपरने कापलेला छोटा भाग टणकन उडतो. परातीत पडला तर सापडेल, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडला तर विसरा.

सावध: नेलपॉलिश रिमूव्हर, हार्डवेअरमधला एनसी थिनर आणि पेट्रोल या तिन्हींनी पॉलिस्टायरीन विरघळतं. ब्रश धुताना हात पुसलेलं फडकं चुकून पंखाला लागलं तरी पृष्ठभाग कायमचा खराब होतो. सिमेंट आणि थिनरची वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते. खिडकी उघडी ठेवा, आणि देवघरातला दिवा, चूल, गॅस यांच्या जवळ हे काम करू नका.

२. डबा उघडल्यावर: मोजा, तपासा, धुवा

कापायला सुरुवात करायची नाही. आधी सूचनापत्रिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि दोन गोष्टी पक्क्या करा: चाकं बाहेर ठेवणार की आत, आणि किटमध्ये दिलेल्या प्रकारांपैकी नेमका कोणता करणार. भारतीय हवाई दलात मिग-२१चे एफएल, एम, बिस आणि बायसन असे वेगवेगळे प्रकार उडाले. त्यांची पाठ, शेपटी, नाकावरची नळी यांत फरक आहे. एकाच डब्यात दोन प्रकारांचे भाग असले तर नको असलेल्या भागांवर मार्करने फुली मारून ठेवा. एफएलला बिसची पाठ लावलेलं मॉडेल मी पाहिलं आहे. रंग सुंदर होता, पण ते विमान कुठल्याच तळावर कधी उभं राहिलं नसतं.

मग प्रत्येक स्प्रू, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडून येतात ती चौकट, उजेडासमोर धरून बघा. कुठे प्लास्टिक पूर्ण भरलेलं नाही? कुठे जाड भागावर खळगा पडला आहे? पंख वाकडा आहे का? वाकडा भाग कडक गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, काही सेकंद धरा, हळूच सरळ करा आणि लगेच गार पाण्यात घाला. एका वेळी थोडंच वाकवायचं.

भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून कोमट पाण्यात सगळ्या चौकटी धुवा. कारखान्यात साचा सुटावा म्हणून लावलेलं तेल भागांवर राहिलेलं असतं. ते राहिलं तर रंग आणि पुट्टी दोन्ही सोलून निघतात. जुना दातांचा ब्रश हलका फिरवा, सावलीत वाळवा. धुताना सुटलेला भाग मोरीतून वाहून जाऊ नये म्हणून टोपल्यात धुवा.

डिकलचा कागद धुवायचा नाही. तो वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वहीत ठेवा. पावसाळ्याची दमट हवा त्याला लागता कामा नये.

३. भाग कापणं

एका वेळी एका टप्प्याला लागतील तेवढेच भाग कापा. सगळे एकदम कापून डबीत भरले की नंबर हरवतात आणि डावं-उजवं कळेनासं होतं.

पहिली काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब घ्यायची. भाग सुटा झाला की उरलेला खुंट दुसऱ्या कापेत काढायचा, तोही थोडा शिल्लक ठेवून, आणि उरलेलं पेपरवर घासायचं. एकाच कापेत भागाला चिकटून कापलं की प्लास्टिक पांढरं पडतं किंवा खड्डा होतो, आणि तो पुट्टीने भरायचं काम वाढतं. कडेला पातळ पापुद्रा आला असेल तर कटरचं पातं उभं धरून खरवडा.

४. कोरडी जुळवणी

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो. म्हणून इथे थोडं थांबतो.

सिमेंट न लावता भाग एकमेकांत बसवून बघणं म्हणजे कोरडी जुळवणी. धडाचे दोन अर्धे जोडा, मास्किंग टेपने बांधा. कॉकपिटचं टब, म्हणजे वैमानिकाच्या बैठकीचा खोलगट भाग, आत ठेवा. पंख लावा, तेही टेपने. आता विमान हातात घेऊन सगळीकडून बघा. फट दिसली तर ती का आहे हे शोधा. बहुतेक वेळा धडात दोष नसतो. आतल्या कॉकपिटच्या टबची कड अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि ती दोन्ही अर्ध्यांना बाहेर ढकलत असते. अशा वेळी बाहेरून फट पुट्टीने भरणं म्हणजे ओल येणाऱ्या भिंतीला चुना लावणं. टब घासा, परत बसवा, परत बघा. भाग जोडायच्या खुंट्याही पाहा. खुंटी भोकात तिरपी बसत असेल तर सरळ कापून टाका. चौकोनी कडांवरून भाग नीट जुळतात, खुंट्यांची तेवढी गरज नसते.

मागच्या हिवाळ्यात एक नववीतला मुलगा अख्खा रविवार फक्त कोरडी जुळवणी करत बसला. सिमेंटच्या बाटलीचं झाकण त्याने उघडलंच नाही. आई दोनदा विचारून गेली की काही झालं का रे बनवून. दुसऱ्या रविवारी त्याचं धड एका तासात जोडून झालं आणि पुट्टी नखाएवढीसुद्धा लागली नाही.

तपासणी: टेपने बांधलेलं विमान खिडकीसमोर धरा. सांध्यातून उजेड आरपार दिसतो तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा संपेपर्यंत पुढे जाऊ नका.

५. कॉकपिट आणि नाकातलं वजन

कॉकपिट, हवा आत जाण्याचा मार्ग आणि मागचं एक्झॉस्ट, हे तिन्ही भाग धड बंद होण्याआधी रंगवायचे. नंतर ब्रश आत पोचत नाही. मिग-२१चं कॉकपिट आतून हिरवट निळं असतं, राखाडी नव्हे. सीटचे पट्टे, पॅनलवरचे डायल यांवर फार वेळ घालवू नका. १/७२ मध्ये बंद कॅनोपीखाली त्यातलं थोडंच दिसतं.

आता वजन. अनेक जेट किटांत चाकांवर उभं केलं की भार शेपटीकडे जातो. सूचनेत 'नाकात पाच ग्रॅम' असं लिहिलेलं असतं, आणि पोट्टे नेमकं तेच वाचायचं विसरतात. धड बंद झालं की मग काही करता येत नाही.

वजनासाठी सायकलच्या बेअरिंगचे छर्रे उत्तम. कोणत्याही सायकल दुकानात मिळतात. ते नाकाच्या शंकूमागे किंवा कॉकपिटच्या टबाखाली एपॉक्सीने पक्के करा, एम-सीलही चालतं. मासे धरायच्या गळाचं शिसं वापरत असाल तर त्यावर फेविकॉल लावू नका. शिसं आणि पांढरा गोंद यांची हळूहळू क्रिया होते, शिसं फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांनी धडाचा सांधा आतून फुटतो.

तपासणी: टेपने पूर्ण विमान बांधा: पंख, शेपटी, सगळं. मुख्य चाकं जिथे येणार त्या दोन जागांखाली दोन बोटांची टोकं ठेवून विमान तोला. नाक ठामपणे खाली गेलं पाहिजे. जेमतेम खाली जात असेल तर आणखी दोन छर्रे टाका. पुढे रंग, डिकल, मागचं एक्झॉस्ट यांचं वजन वाढणारच आहे.

६. धड आणि पंख चिकटवणं

पातळ सिमेंट दोन्ही कडांना फासायचं नसतं. भाग आधी जुळवून धरायचे आणि सांध्यावर ब्रशचं टोक टेकवायचं. सिमेंट स्वतःच फटीतून धावत जातं. ते प्लास्टिक किंचित विरघळवतं आणि दोन्ही भाग एकजीव होतात. दहा-पंधरा सेकंदांनी हलका दाब दिला की सांध्यातून विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर येते. ती पुसू नका. वाळल्यावर ती घासली की सांधा बुजतो.

आता बोटांकडे लक्ष द्या. सिमेंट फटीतून धावतं तसं सांध्यावर टेकलेल्या बोटाखालीही धावतं. एकदा मी सुखोईचं धड डाव्या हाताने घट्ट धरून सिमेंट लावलं. अंगठा उचलला तेव्हा त्याची रेघन् रेघ पाठीवर उमटली होती, एखाद्या सातबाऱ्यावर अंगठा लावावा तशी. ती घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. बोटं सांध्यापासून किमान एक सेंटीमीटर लांब ठेवा.

बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या कापून घ्या. रबरबँडपेक्षा त्या मऊ असतात, खाच पाडत नाहीत. एक दिवस तसंच ठेवा. पावसाळ्यात दोन दिवस.

पंख जोडताना घाई केली तर पूर्ण मॉडेल वाया जातं, कारण वाकडा पंख नंतर सरळ होत नाही. विमान आलेख कागदावर ठेवा, मधल्या रेषेवर नाक आणि शेपटी जुळवा. समोरून बघा: मिग-२१चे पंख किंचित खालच्या बाजूला झुकलेले असतात, सुमारे दोन अंश. दोन्ही टोकं जमिनीपासून सारख्याच उंचीवर हवीत. खाली आधाराला पत्त्यांचे गठ्ठे ठेवा. एक पत्ता काढला-घातला की उंची बारीक बदलते.

तपासणी: एक दोरा घ्या. नाकाच्या टोकापासून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत मोजा, तोच दोरा उजव्या पंखावर लावा. मग शेपटीच्या मध्यापासून दोन्ही टोकं मोजा. १/७२ मध्ये एक मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या विमानात सात सेंटीमीटरहून जास्त. सिमेंट ओलं आहे तोवर दुरुस्त करा.

७. सांधे बुजवणं

दिवसभराने ४०० नंबरचा पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. मग ६००, मग १०००. पेपर आईस्क्रीमच्या लाकडी काडीला चिकटवला की धार सरळ राहते. बोटाने घासलं तर सांध्यावर खोलगट पट्टा पडतो. पुट्टी फक्त लागेल तिथेच, आणि दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून. पुट्टी आकसते, म्हणून एक दिवस वाळू द्या. गरज पडली तर दुसरा थर द्या.

घासताना पॅनलच्या, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या, खोल रेघा पुसट होतात. गोल धडावर जाड टेपची पट्टी लावून सुईच्या टोकाने त्या पुन्हा हलक्या कोरा, चार-पाच वेळा हात फिरवून. एका दमात खोल कोरायला गेलात की सुई घसरते.

तपासणी: डोळे मिटून सांध्यावरून आडवं नख फिरवा. नख अडलं तर सांधा आहे. मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ धडाला समांतर धरा. ट्यूबलाइटखाली लपलेलं सगळं तिथे दिसेल. शेवटी सांध्यावर चंदेरी रंगाचा एक पातळ हात द्या. चंदेरी रंग काहीच लपवत नाही.

८. कॅनोपी

फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरा धुरकटपणा आणते. धुरकट कॅनोपीचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. पातळ सिमेंटचा एक ओघळही तिला कायमची खराब करतो. कॅनोपी फेविकॉलने लावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि कडेची बारीक फटही भरून निघते. जास्तीचा ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या.

काचेच्या भागावर मास्किंग टेप लावा. चौकटीच्या कडेने टेप नवीन पात्याने कापा; बोथट पातं टेप फाडतं. चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग, त्यावर बाहेरचा रंग. टेप काढल्यावर आतून बघणाऱ्याला आतलाच रंग दिसतो.

९. प्रायमर आणि रंग

ज्यांच्याकडे एअरब्रश आहे त्यांनी रंग दुधाइतका पातळ करावा आणि दाब १५ ते २० पीएसआय ठेवावा. कॉम्प्रेसर टाकीवाला घ्या. आपल्याकडे वीज मध्येच जाते, आणि टाकीतल्या हवेवर निदान चालू असलेला हात पूर्ण होतो. ब्रशने रंगवणाऱ्यांनीही मन छोटं करायचं कारण नाही. रुंद मऊ ब्रश, पातळ रंग, दोन-तीन हात; पहिला हात आडवा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. वाळत आलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, खालचा रंग उपटून येतो.

गाड्या रंगवायच्या दुकानातला स्प्रे कॅन वापरायचा असेल तर आधी उरलेल्या स्प्रूच्या तुकड्यावर मारून रात्रभर ठेवा. काही कॅनमधला सॉल्व्हंट प्लास्टिक खातो.

प्रायमर आधी आणि सगळीकडे. तो रंग धरून ठेवतो आणि राहिलेले ओरखडे दाखवतो. दिसले तर परत टप्पा ७. चंदेरी मिग करायचं असेल तर घासकाम २०००पर्यंत न्या आणि चंदेरीच्या खाली चकचकीत काळा द्या. दोन रंगांची छटा असेल तर फिका आधी, गडद नंतर. मास्किंग टेप लावण्याआधी ती तळहातावर एक-दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. साधा सेलोटेप रंगासकट निघतो.

उन्हाळ्यात रंगवणं टळत नसेल तर पहाटे सहाच्या आत उरका. दुपारी ४४-४५ अंशांत एअरब्रशमधून निघालेला थेंब विमानापर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग पाणी-पेपरसारखा खरखरीत होतो. उकडतंय म्हणून कूलर लावून त्यासमोर रंगवायला बसलात तर दुसरं संकट: कूलरची हवा ओली असते, तिच्यासोबत खसाच्या काड्यांचा भुगा आणि धूळही येते. रंगवताना कूलर बंद. पावसाळ्यात दमट हवेमुळे पारदर्शक वॉर्निश दुधाळ पडतं. झड लागलेली असेल तर वॉर्निशचा डबा उघडू नका.

रंगवलेला भाग लगेच झाका. उपडं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. झाकण्याआधी खोक्याच्या आतून ओलं फडकं फिरवा.

१०. डिकल

डिकल मॅट रंगावर लावायची नाही. मॅट पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत असतो, त्याच्या खळग्यांत हवा अडकते आणि डिकलखाली चंदेरी चकाकी दिसते. आधी चकचकीत वॉर्निशचा हात, मग डिकल, शेवटी मॅट वॉर्निश. हा क्रम बदलायचा नाही.

पाण्याचंही बघावं लागतं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. वाळलं की प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणा. एक बाटली बऱ्याच मॉडेलांना पुरते.

डिकल कापून वीस-तीस सेकंद कोमट पाण्यात बुडवा आणि बाहेर काढून ठेवा. ती कागदावर स्वतःहून सरकू लागली की ओल्या जागेवर सरकवा, ओल्या ब्रशने जागा जुळवा, मऊ कापडाने मधून बाहेर दाबत पाणी काढा. डिकल मऊ करणारं द्रावण असेल तर वरून एक हात. ते लावल्यावर डिकल सुरकुतते. घाबरून हात लावू नका, वाळताना ती ताणून बसते. जुन्या किटमधली डिकल पाण्यात तुकडे होऊ शकते, म्हणून आधी नको असलेली एक टाकून बघा. तडकली तर पूर्ण कागदावर वॉर्निशचा हात देऊन वाळवा आणि प्रत्येक डिकल वेगळी कापा.

भारतीय हवाई दलाच्या गोल चिन्हात केशरी बाहेर आणि हिरवा मध्ये असतो. किटमधली छपाई सरकलेली असू शकते, चिकटवण्याआधी फोटोशी ताडून बघा.

पॅनलच्या रेघांत गडद पातळ रंग भरायचा असेल तर तो चकचकीत वॉर्निशवर, मॅट देण्याआधी. खालचा रंग एनॅमल असेल तर त्यावर एनॅमलचा पातळ रंग थेट घालू नका, खालचा विरघळून येईल. मधे ॲक्रिलिक वॉर्निशचा थर हवाच.

११. शेवटचे नाजूक भाग

चाकं, चाकांची झाकणं, क्षेपणास्त्रं, अँटेना, नाकावरची नळी हे सगळं शेवटी. आधी लावलं तर रंगवताना किमान एक तरी मोडतं. चाकांचे दांडे समोरून आणि बाजूने काटकोनात आहेत का बघा, आणि सिमेंट पक्कं होईपर्यंत विमान उलटं ठेवा.

मिग-२१च्या नाकावरची पिटो नळी प्लास्टिकची जाड दिसते आणि मोडतेही. मेडिकलमधून नवी इंजेक्शनची सुई आणा, तिचं धारदार टोक कापून बोथट करा आणि नळीच्या जागी बसवा. लहान मुलं असतील तर हे मोठ्या माणसानेच करावं. बिसची नळी नाकाच्या वर असते, पण मधोमध नसून किंचित उजवीकडे असते. सूचनेच्या चित्रात हे नीट कळत नाही.

१२. मॉडेल तपासणं आणि गुण देणं

शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून बोलावतात तेव्हा दिसतं की सगळे आधी रंग बघतात आणि रंगावर भाळतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पाया आधी बघितला जातो: सांधे, सरळपणा, साच्याच्या खुणा. माझ्या वहीत शंभरपैकी चाळीस गुण सांधे आणि सरळपणाला, पंचवीस रंगाला, पंधरा डिकलला, दहा कॅनोपीला आणि दहा खरेपणाला, म्हणजे निवडलेल्या प्रकाराशी मॉडेल जुळतं का याला.

तपासायचा क्रमही ठरलेला असू द्या. आधी समोरून, डोळे विमानाच्या उंचीवर आणून: पंख सारखे, शेपटी उभी, तिन्ही चाकं टेकलेली. मग वरून: दोन्ही पंखांचा कोन सारखा. मग टॉर्च घेऊन पाठ आणि पोट. पोट बघायला विसरू नका, निम्मे सांधे तिथेच सोडून दिलेले असतात. शेवटी रंग आणि डिकल.

किट मुळातच मापात आहे का, हे पट्टीने कळतं. मिग-२१ची पंखांची रुंदी ७.१५ मीटर. तिला ७२ने भागलं की ९९ मिलिमीटर, ४८ने भागलं की १४९. मिराज २००० साठी ९.१३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये १२७ मिलिमीटर. सुखोई-३० एमकेआयची १४.७ मीटर, म्हणजे २०४. लांबीवरून तपासू नका. मिगची लांबी कुठे पिटो नळीसह दिलेली असते, कुठे नळीशिवाय, आणि त्यावरून चांगलं किट चुकीचं ठरतं. किट मापात चुकलं असेल तर करणाऱ्याचे गुण कापायचे नाहीत.

मुलाला गुण सांगताना दोष बोटाने दाखवा आणि तो कोणत्या टप्प्यावर झाला ते सांगा. "सांधा वाईट" एवढ्याने काहीच कळत नाही. "कॉकपिटचा टब घासला नव्हता, म्हणून इथे फट आली" हे त्याला पुढच्या किटला उपयोगी पडतं.

एसटीने प्रदर्शनाला न्यायचं असेल तर विमान पुठ्ठ्याच्या तळाला मुख्य चाकांच्या मागे-पुढे मऊ कापडी पट्ट्यांनी बांधा. पंखाखाली काही टेकू देऊ नका, आणि भोवती कापूस भरू नका. त्यात अँटेना अडकून तुटतात. टिनाच्या खोलीत किंवा जीपच्या काचेमागे उन्हात खोकं ठेवू नका. मे महिन्यात एका दुपारीत एका मिराजचे दोन्ही पंख माझ्या डोळ्यांदेखत खाली लोंबले होते. पोचल्यावर खोकं उघडून पहिल्यांदा पिटो नळी बघा, मग चाकांचे दांडे, आणि सोबत सिमेंटची छोटी बाटली व चिमटा असू द्या.